आधी तार, मग भाव

बाळा, तू पाठवलेली जाहिरात बघितली. ‘उत्तम स्थितीत, फक्त दोनदा वाजवलेली.’ दोनदा वाजवलेल्या गिटारच्या पहिल्या तीन फ्रेटवर असे खड्डे पडत नसतात, पण ते जाऊ दे. कॉलेजातली यामाहा विकायची, त्या पैशांत थोडी भर घालायची आणि जुन्यातलीच पण बरी गिटार घ्यायची, हा तुझा बेत चांगला आहे. घासाघीस जमत नाही म्हणतोस. अरे, तिला तोंड कमी आणि डोळे-कान जास्त लागतात. वाद्यवृंदाच्या दिवसांपासून या घरातून बऱ्याच गिटारी आल्या-गेल्या, त्यावरून सुचेल तसं लिहून देतेय. पाठ करू नकोस, पण निघायच्या आधी एकदा नजर टाक.

१. मेसेजवर ‘फायनल किती?’ असं विचारू नकोस – न बघता मागितलेला भाव समोरचाही विचार न करताच सांगतो, आणि मग प्रत्यक्ष भेटीत त्याच्याखाली यायला त्याला लाज वाटते.

२. आधी तीच गिटार नवी कितीला मिळते ते दुकानात जाऊन बघ, आणि नुसती बघू नकोस, वाजव. मुंबईला गेलास तर धोबी तलावला फुर्तादोजमध्ये डोकाव, १८६५ पासून वाद्यं विकतायत ते – नवीचा आवाज कानात असला की जुनीचं काय गेलंय ते सांगायला कुणी लागत नाही.

३. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. तीच गिटार दोन-तीन महिने तिथेच दिसत असेल तर तो स्वतःच कंटाळलेला असतो – तेव्हा जाहिरात आवडली तरी तारीख बघ.

४. जास्तीत जास्त किती देणार, तो आकडा घरीच कागदावर लिही आणि पाकिटात ठेव. मांडीवर गिटार आली की हिशेब डोक्यातून बोटांत उतरतो – बोटांना बेरीज येत नाही.

५. सोबत न वाजवणारा मित्र ने. वाजवणारा नेलास तर पहिल्याच कॉर्डला तो ‘वा!’ म्हणणार – आणि त्या एका ‘वा’चे हजार रुपये तू भरणार.

६. खिशात एवढंच असू दे: मिलिमीटरच्या खुणांची सहा इंची पट्टी, कागदाचं एक चिटोरं, मोबाईलमध्ये ट्यूनर आणि टॉर्च. इलेक्ट्रिक बघणार असशील तर समोरच्याकडे अ‍ॅम्प्लिफायर आहे ना, हे आधीच विचार – ‘आवाज एकदम मस्त आहे’ यावर पैसे देता येत नाहीत.

७. दिवसाउजेडी जा, आणि जमलं तर पावसाळ्यात जा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात लाकडाला जे काय फुगायचं असतं ते फुगलेलं असतं, तारा वर चढलेल्या असतात – सगळ्यात वाईट दिवशी बरी वाटली ती वर्षभर बरी वाटते. शिवाय मे महिन्याच्या सुट्टीत हौसेने घेतलेल्या गिटारी साधारण तेव्हाच बाहेर निघायला लागतात.

८. पोचल्यावर पाणी पी, चहा घे, गिटार कुठून आली ते विचार. पेटी लगेच उघडायला लावू नकोस – झाकली पेटी लाखाची, उघडली की हजाराची, आणि ही गोष्ट विकणाऱ्यालाही ठाऊक असते. तो जरा सैल झाला की आपणहोऊनच उघडतो.

९. पहिल्यांदा मान बघ. बॉडीच्या बाजूने डोळा लावून मानेच्या कडेवरून नजर टाक. मग सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकदम दाब – मधे कागदाएवढी फट दिसली तर ठीक, पेन्सिल जाईल एवढी दिसली तर मान वाकली आहे. मान वाकडी, तिथे किंमत तोकडी.

१०. मानेतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून बघायचा मोह आवर. फिरवायचीच असेल तर मालकाला विचार आणि त्यालाच फिरवू दे – तुझ्या हातात तुटली तर ती गिटार तुझी, आणि तीसुद्धा त्याच्या भावात.

११. बाराव्या फ्रेटवर पट्टी लाव. सहाव्या तारेखाली अडीच-तीन मिलिमीटर, पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास असेल तर बोटं सुखी. जास्त असेल तर लगेच तोंड वाकडं करू नकोस, ब्रिजवरचा तो पांढरा सॅडल किती वर आलाय ते बघ. सॅडल उंच असेल तर खालून घासून तारा खाली आणता येतात, काम थोडक्यात होतं. सॅडल आधीच घासून घासून ब्रिजला टेकलेला असेल आणि तारा तरीही उंचच असतील तर मानेचा कोन बिघडलाय – ते दुरुस्त करायचा खर्च तुझ्या गिटारच्या किमतीलाच जाऊन भिडेल.

हा अकरावा मुद्दा परत वाच. सगळ्या घासाघिशीचं सार त्यात आहे. दोन प्रकारचे दोष असतात रे: एक ज्यांच्यावर भाव करायचा आणि दुसरे ज्यांच्यावर ‘बरंय, कळवतो’ म्हणून उठायचं. गंजलेल्या तारा, खरखरणारा व्हॉल्यूमचा नॉब, सैल खुंटी, हरवलेली ब्रिज पिन, पाठीवरचे ओरखडे हे पहिल्यातले. सळई फिरेनाशी झालेली वाकडी मान, उचललेला ब्रिज, आत सुटलेल्या पट्ट्या, सगळीकडे झिजलेले फ्रेट हे दुसऱ्यातले. लोक नेमकं उलट करतात. ओरखडा बघून नाक मुरडतात आणि वाकडी मान घासाघीस करून घरी आणतात.

१२. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचं चिटोरं सरकवून बघ. सरकलं तर गोंद सुटायला लागलाय – स्टीलच्या सहा तारा मिळून सत्तर किलोंच्या आसपास ओढत असतात, त्या एकदा उचललेल्या ब्रिजवर दया करत नाहीत.

१३. नायलॉन तारांच्या गिटारवर कुणी स्टीलच्या तारा चढवल्यात का ते बघ. डोक्याला आरपार खाचा आणि ब्रिजला तारा गाठ मारून बांधलेल्या, ही तिची ओळख – तिची घडण जवळपास निम्म्याच ताणासाठी असते, आणि चार महिन्यांत पोट फुगून वर येतं.

१४. आवाजाच्या भोकातून टॉर्च मार आणि बोटाने पाठीवर, पुढच्या फळीवर टकटक कर. कुठे खुळखुळ झाली तर आतली पट्टी सुटलेली असते – बाहेरून कितीही पॉलिश असू दे, आतलं लाकूड खोटं बोलत नाही.

१५. फळी अखंड लाकडाची आहे की प्लायवुडची, ते त्याच भोकाच्या कडेवर कळतं. वरची लाकडाची रेघ कडेवरून सरळ खाली उतरली तर अखंड, मधे थर दिसले तर प्लाय. प्लाय वाईट नाही, तुझ्या यामाहा एफ-३१० ची फळीही प्लायचीच आहे – फक्त अखंड फळीचा भाव प्लायला द्यायचा नाही.

१६. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजव. सहा तारा, वीस फ्रेट, एकशेवीस स्वर, पाच-सात मिनिटांचं काम – मालक वैतागला तर वैतागू दे, घरी गेल्यावर वैतागायचं काम तुझं असेल. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, बेसूर झाला की सरकवला. गिटारचे लाकडात ठोकलेले, झिजले की कारागिराच्या हातातच जायचे.

१७. बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजव, मग तिथेच तार दाबून वाजव. दोन्ही सूर एकच यायला हवेत – दाबलेला चढा लागला तर वरचं सगळं वाजवणं बेसूर. पण तारा जुन्या असतील तर दोष तारांचाही असू शकतो, लगेच निकाल देऊ नकोस.

१८. आता एक गुपित, जे आजकालच्या पोरांना माहीत नसतं. आपल्याकडे एके काळी घरोघरी हवाईयन गिटारचं वेड होतं. मांडीवर आडवी ठेवायची, लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची आणि सिनेमाची गाणी वाजवायची. व्हॅन शिपलेच्या रेकॉर्डी ऐकून कितीजणांनी क्लास लावले. त्या गिटारी अजून माळ्यांवर आहेत, बहुतेक कलकत्त्याच्या बनावटीच्या, गिवसन, हॉबनर अशा नावांच्या. बघितल्यास तर नटवर एक धातूची पट्टी चढवलेली दिसेल आणि तारा बोटभर वर. बघणारा म्हणतो, ‘ही वाजतच नाही,’ आणि निघून जातो. तू ती पट्टी काढून बघ. खालचे फ्रेट कोरे करकरीत असतात, कारण कांडी कधी फ्रेटला टेकतच नाही. मान मात्र नीट बघ – जाड तारांचा ताण वर्षानुवर्षं घेतलेला असतो, आणि जुन्या स्वस्त गिटारींत सळई नसते किंवा असली तरी हलत नाही.

१९. ‘व्हिंटेज’ शब्द कानावर पडला की हसू दाबून धर. कर्ट कोबेनची १९५९ सालची मार्टिन २०२० मध्ये साठ लाख डॉलरना गेली, ती कोबेनची होती म्हणून – आपल्या सोसायटीतल्या काकांची १९९४ सालची गिटार फक्त जुनी आहे.

२०. ‘इम्पोर्टेड रोझवुड आहे’ असं कुणी भाव चढवायला सांगितलं तर मान डोलाव आणि पुढे चल. जगभरच्या गिटारवाल्यांचं इंडियन रोझवुड म्हणजे आपलं शिसवीच – इथून गेलेलं लाकूड परत आलं म्हणून त्याला सोन्याचा भाव येत नाही.

२१. स्वस्तातली गिब्सन दिसली की आधी मानेच्या वर, डोक्याजवळचं ते छोटं झाकण बघ. खरीला सहसा दोन स्क्रू असतात – तीन दिसले तर पुढचं काहीही ऐकायच्या आधी खूप प्रश्न विचार. आणि खरीच असेल तर डोक्याच्या मागून बोट फिरव: तिचं डोकं साधारण सतरा अंशांनी मागे झुकलेलं असतं, उताणी पडली की तिथेच मोडते. नीट जोडलेली गिटार वर्षानुवर्षं वाजते, पण तिचा भाव पुन्हा कधी पहिल्यासारखा होत नाही.

२२. आता भाव. दोष मोज, पण वस्तूला शिव्या देऊ नकोस. ‘नॉब खरखरतोय, कारागिराकडे द्यावी लागेल’ असं म्हण, ‘काय भंगार आहे’ म्हणू नकोस – भंगार म्हटलेल्या वस्तूसाठी तू इथवर का आलास, हा प्रश्न समोरच्याच्या तोंडावर उमटतो, आणि त्याला उत्तर नसतं.

२३. एकच आकडा सांग, कारणासकट, आणि मग गप्प बस. गप्प बसणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे, तुझ्या बापाला अजून जमलेलं नाही. तो आकडा सांगतो आणि लगेच वर ‘बघा, पाच-सातशे इकडे तिकडे’ जोडतो – ते पाच-सातशे कुणीही न मागता त्याच क्षणी गेलेले असतात. बोलणारा उतरतो, बसणारा ठरवतो.

२४. अर्ध्या किमतीपासून सुरुवात करायची जुनी रीत भाजी मंडईतसुद्धा आता चालत नाही. समोरच्याने अकरा हजार म्हटले आणि तुला नऊ योग्य वाटत असतील तर साडेआठ म्हण – त्याला दोन पावलं चालायला जागा ठेव, तो चालतो.

२५. पैशांवर गाडी अडली की वस्तू माग. बॅग, कॅपो, पट्टा, स्टँड, राहिलेल्या तारांचा जोड – घरात पडलेलं द्यायला कुणाला जड जात नाही, आणि नवीन घ्यायला तुला जड जातं.

२६. शेवटच्या दोनशे रुपयांसाठी ताणू नकोस. ते समोरच्याला सोड आणि बदल्यात विचार, ‘काही लागलं तर फोन केला तर चालेल ना?’ – दोनशे रुपयांत गिटारचा सगळा पूर्वेतिहास सांगणारा माणूस मिळाला.

२७. कधी कधी दार उघडणारी मुलाची आई असते. मुलगा जर्मनीला गेलेला, गिटार कपाटाच्या वर, कव्हरवर जुनी चादर गुंडाळलेली. ती पेटी उघडते, आधी पदराने धूळ पुसते आणि मुलाने सांगितलेला आकडा फोनवर वाचून दाखवते. तिथे भाव करायचा असेल तर मुलाशी फोनवर कर, तिच्याशी नको – तिला तारांबद्दल काही माहीत नसतं, आणि तिच्याकडून उतरवलेले हजार रुपये तुला वाजवताना टोचत राहतील.

२८. पावती आहे का ते विचार. नसली तरी नंबर बघ, भोकाच्या आत लेबलवर किंवा डोक्यामागे असतो. एका कागदावर नंबर, तारीख, रक्कम लिहून दोघांच्या सह्या घे – चोरीची निघाली तर तो कागदच तुझ्या बाजूने बोलेल. पेटी कशी उघडते हेच ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून तर कागदाशिवाय हलू नकोस. पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरलास तर डोळ्यांसाठी फीर, खिशासाठी जपून.

२९. न बघितलेल्या गिटारला विसार देऊ नकोस. ‘मी लष्करात आहे, तातडीची बदली झालीय, निम्मे पाठवा, कुरियरने येईल’ – ही कथा इतक्या लोकांनी ऐकलीय की तिच्यातली बदली अजून कशी संपत नाही, याचंच नवल वाटतं.

आता विकण्याकडे ये. तुझ्या यामाहाबद्दल मला प्रेम आहे, पण बाजाराला नाही, हे धरून चाल.

३०. फोटो काढायच्या आधी गिटार स्वच्छ पूस आणि नव्या तारा चढव. त्या तारांचे पैसे भावात दुपटीने परत येतात – गंजक्या तारा बघितल्या की गिऱ्हाईकाला मान, ब्रिज, तू, सगळंच गंजलेलं वाटायला लागतं.

३१. दोष तू आधी सांग, फोटोसकट. गिऱ्हाईकाने शोधून काढलेला ओरखडा पाचशेचा असतो – तू आधीच दाखवलेला शंभराचाही राहत नाही.

३२. मार्च-एप्रिलमध्ये विक, परीक्षा संपत आल्या की. पोरं सुट्टीत शिकायची ठरवतात, आईबाप नवीचे पैसे घालायला कचरतात – तुझी यामाहा तेव्हा दोन दिवसांत जाईल.

३३. सांगितलेल्या भावात उतरायला दहा टक्के जागा ठेव, वीस नाही. वीस टक्के चढवलेला आकडा बघून जो बरा गिऱ्हाईक असतो तो फोनच करत नाही – आणि जो करतो तो तासभर चहा पिऊन निघून जातो.

३४. ‘आई आजारी आहे, म्हणून विकतोय’ असलं काही सांगू नकोस. खरं असेल तर गिऱ्हाईक तुझी घाई ओळखतो, खोटं असेल तर मला राग येतो. घाईचं गिऱ्हाईक आणि पावसातला ढोल, दोघेही ढिले बोलतात – विकणारासुद्धा त्यातलाच.

३५. पैसे घेताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव: पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘हा कोड स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेव – पिन टाकलास की पैसे तुझ्याच खात्यातून जातात.

३६. खात्यात रक्कम आल्याचं स्वतः बघितल्याशिवाय गिटार हातातून सोडू नकोस. समोरच्याच्या फोनवरचा हिरवा टिकमार्क हा चित्रकलेचाही नमुना असू शकतो – तू तुझं अ‍ॅप उघड, तो काही मनावर घेणार नाही.

३७. कुरियरने पाठवायचीच वेळ आली तर तारा थोड्या सैल कर आणि डोक्याभोवती, मानेखाली कपडे कोंब. पेटीत गिटार हलता कामा नये – मोडते ती प्रवासात नाही, पेटी आपटली की आतल्या आत.

३८. गिऱ्हाईक शिकाऊ असेल तर त्याला तार कशी लावायची ते दाखव आणि कॅपो देऊन टाक. तुला नवीसोबत दुसरा मिळालाच असेल – आणि तोच पोरगा दोन वर्षांनी मोठी गिटार घेताना आधी तुला फोन करेल.

३९. नवी घरी आणल्यावर महिनाभर जाहिराती बघू नकोस. तीच गिटार हजाराने स्वस्त कुठेतरी दिसणारच – ती वाकड्या मानेची असेल, पण फोटोत मान सरळ दिसते.

४०. तुझ्या बापाने किंमत विचारली तर खरी सांग, पण बॅग, कॅपो आणि स्टँड आधी दाखव. मग रविवारी इकडे घेऊन ये. येताना नव्या तारांचा जोड आण, बारा नंबरच्या नको, अकराच्या – सॅडल किती घासायचा ते मी बघते, आणि तू घासायला बस.